न झालेल्या भांडणाची तडजोड

पुढारी काही केल्या खाटेवरून उठेनात. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झकास झालं होतं, जखम भरत आली होती, पण गडी आपला आडवाच. जन्मभर कारखान्यातल्या कामगारांची युनियन चालवलेला माणूस तो. आडवं पडून राहण्यात त्यांना संपाचं सुख मिळत असावं. चहा गार आला म्हणून त्यांनी अख्खा वॉर्ड एक केला होता, आणि ज्याची भूल अजून उतरली नव्हती त्याचाही हात ठरावासाठी वर करवून घेतला होता. पुढारी हे नाव त्या दिवशी सिस्टरनी ठेवलं.

पण मामला हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पुढाऱ्यांचं घर वरच्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. जिना चढता आला तरच घरी, नाहीतर गावाबाहेरच्या शुश्रूषा केंद्रात, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. त्या रोज यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, आज उभे राहिले का? घर खायला उठतं, दिवसभर रेडिओ लावून ठेवते, पण तो मेला उलट बोलत नाही, असं म्हणून एकदा त्या सिस्टरपाशी रडल्यासुद्धा.

मग टीमची बैठक बसली. टीम म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई, वॉर्डच्या सिस्टर आणि व्यायाम करून घेणारा फिजिओ. सगळ्यांनी गोड बोलायचं आणि कोणीतरी एकाने कडक व्हायचं, असं एकमताने ठरलं. तो एक कोण, हे ठरायच्या आत चहा संपला आणि जो तो कामाला पळाला. साहजिकच प्रत्येकाने वाईटपणा दुसऱ्याच्या गळ्यात घातला.

सिस्टर गोळी देताना म्हणाल्या, माझं काही नाही हो, पण गोळी राहिली की डॉक्टरीणबाई मला फाडून खातात. पुढाऱ्यांनी कधी नव्हे ती गोळी मुकाट्याने गिळली. फिजिओने सांगितलं, तुम्ही पाय हलवला नाहीत तर सिस्टर मला वॉर्डात उभं करत नाहीत. पाय हलला. डॉक्टरीणबाईंनी तर, तुम्ही चालला नाहीत तर फिजिओ माझ्या ऑपरेशनलाच नावं ठेवतो, असं ठोकून दिलं. पुढारी धरून धरून का होईना, खाटेभोवती फिरले. हे कसं काय जमलं, याचं तिघांनाही नवल वाटत होतं, पण जमतंय तोवर विचारायचं कशाला?

इकडे पुढाऱ्यांच्या डोक्यात निराळंच चक्र सुरू झालं. हे तिघं एकत्र जेवतात का, एकमेकांशी बोलतात का, अशी ते वॉर्डात बारीक चौकशी करू लागले. आणि एका दुपारी, तिघं वरच्या मजल्यावर डबे उघडून बसले असताना दार ढकललं गेलं. दारात पुढारी. एक हात काठीवर, दुसरा चौकटीवर, धापा टाकत. अख्खा जिना चढून आले होते. फिजिओचा घास हातातच राहिला.

"तुमच्यात फूट पडलीय," पुढारी म्हणाले. "आणि फुटीचा फायदा नेहमी मालकाला होतो."

डॉक्टरीणबाईंना हसू फुटणार, तेवढ्यात फिजिओने टेबलाखालून त्यांना पाय मारला. "हे उभे आहेत तोवर भांडा," तो कुजबुजला.

मग काय, तिघं भांडले. सुरुवात खोटीच होती, पण सिस्टरनी डॉक्टरीणबाईंच्या उशिरा येण्याचा विषय काढला तेव्हा आवाज जरा खरा झाला. पुढारी खुलले. त्यानंतर रोज ते जिना चढून सुनावणीला येत, आणि तिघं जेवता जेवता आजचं भांडण काय काढायचं ते ठरवून ठेवत.

घरी सोडायचा दिवस उजाडला आणि पुढारी पुन्हा आडवे झाले. वाटाघाटी अर्धवट टाकून मी जाणार नाही, म्हणाले. तिघांनी त्यांच्या खाटेपाशी उभं राहून एकमेकांचे हात हातात घेतले, भांडण मिटल्याचं शपथेवर सांगितलं. पुढाऱ्यांनी तिघांकडे निरखून पाहिलं आणि ही तडजोड दडपणाखाली झालेली दिसते, म्हणून कूस बदलली. चालता येणाऱ्या माणसाला आता शुश्रूषा केंद्रही घेणार नव्हतं, आणि घरी तो जात नव्हता. आपणच लावलेली आग विझवायची कशी, हे टीमला कळेना.

काकू पिशवी भरून उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि खाटेच्या कडेवर बसल्या.

"अहो, आपल्या खालची आणि समोरची, दोघींचं बोलणं बंद झालंय."

पुढाऱ्यांनी मान वळवली. "कशावरून?"

"पाण्याच्या टाकीवरून. म्हणतात, काका आल्याशिवाय आम्ही कोणाचं ऐकणार नाही."

पुढारी उठून बसले आणि चपला पायात सरकवायला लागले. तिघांना त्यांनी एवढंच बजावलं की, तुमचं प्रकरण तपासणीला येईन तेव्हा बघतो. आणि काठी टेकत ते दाराकडे निघालेसुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी काकूंना हळूच बाजूला घेतलं. शेजारणींचं बिचाऱ्यांचं खरंच इतकं बिनसलंय का, असं त्यांनी काळजीने विचारलं.

"अजून नाही," काकू पिशवी उचलत म्हणाल्या. "ह्यांना आधी घरी पोचवते, मग लावून देते."