भूमी नसलेला फोटो

भूमिकाने स्कॉटलंडहून पाठवलेला फोटो देवकीने सकाळपासून तिसऱ्यांदा दाखवला, तेव्हा सरिता कांदा चिरत होती. त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याला चांगलं कारण मिळालं.

फोटोत भूमिका नारिंगी जॅकेट आणि हेल्मेट घालून एका तळ्यात, लहानशा होडीत बसली होती. मागे डोंगर, बाजूला तीन गोऱ्या मैत्रिणी आणि चौघींच्या हातात वल्ही. देवकी ही सरिताची थोरली जाऊ. मुरबाडच्या पुढे, सिद्धगडाच्या पायथ्याला दोघींची घरं एकमेकींना खेटून उभी होती. देवकीची मुलगी भूमिका, घरच्यांची भूमी, शिष्यवृत्ती मिळवून परदेशी शिकायला गेली आणि तिच्या मागोमाग सहा महिन्यांत सरिताचा ऋतिकही त्याच शहरात गेला. तो का गेला असं कुणी विचारलं, तर त्याला पहिल्यापासून आवड होती, असं सरिता सांगायची. कसली आवड, ते मात्र ती सांगत नसे.

देवकीने तो फोटो गिरणीत दाखवला, कल्याणच्या जीपमध्ये दाखवला. बचत गटाच्या बैठकीत विषय पापडांचा निघाला, तरी तो तासाभरात होडीपर्यंत जाऊन पोहोचला. त्या दिवशी सरिताने घरी येताच ऋतिकला फोन लावला आणि सुट्टीच्या दिवशी तू काय करतोस, असं विचारलं. ऋतिकने खरं ते सांगितलं. तो कपडे धुवायचा आणि झोपायचा.

"ती भूमी होड्या चालवते, आन् तू कपडे धुतोस?" सरिता म्हणाली. "तुझ्या तिथं डोंगर नाय?"

"आहेत. पण वर लई पाऊस असतो, आई."

"आन् आपल्याकडं पावसाळ्यात काय ऊन पडतं?"

ऋतिक डोंगराच्या वाटेचा माणूसच नव्हता. घरामागे सिद्धगड असूनही तो बावीस वर्षांत एकदाही गडावर गेला नव्हता. रविवारी मुंबईची पोरं पाठीला पिशव्या लावून यायची आणि वाट विचारायची, तेव्हा तो खाटेवर आडवा पडूनच हाताने दिशा दाखवायचा. त्याच्या बापाला, धाकलूला, यात काही वावगं वाटत नव्हतं. तो म्हणाला, "आपल्याकडं ढोर हरवलं तर मानूस डोंगर चढतो. त्याचं काय हरवलंय?"

काय हरवलंय ते सरिताला पक्कं ठाऊक होतं.

दोन दिवसांनी ऋतिकने एका डोंगराचा फोटो पाठवला. निळं आकाश, माथ्यावर बर्फ, माणूस कुणी नाही. सरिताने तो लगेच शेजारी नेऊन दाखवला. देवकीने चष्मा लावून बघितला आणि अगदी मायेने सांगितलं, की हा डोंगर छानच आहे, भूमीच्या कॉलेजच्या कॅलेंडरवर एप्रिलच्या पानावर हाच आहे.

त्या रात्री सरिता जेवली नाही. सकाळी उठून तिने पोराला स्पष्ट बजावलं. येत्या रविवारी शहापूरला गोजाबाईच्या मुलीचा साखरपुडा होता. गोजाबाई म्हणजे दोघी जावांची नणंद, त्यामुळे सगळा गोतावळा तिथे जमणार. त्याच्या आत डोंगरावरचा फोटो यायला हवा. फोटोत ऋतिक दिसला पाहिजे, हेल्मेट दिसलं पाहिजे.

"आन् त्यात भूमी नको," ती शेवटी म्हणाली.

आता अडचण अशी होती, की डोंगरावर जाणारं ऋतिकच्या ओळखीचं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे भूमी. त्याने तिलाच विचारलं. तिला इतका आनंद झाला, की तिने त्याच्यासाठी हेल्मेट मागून आणलं, डबा भरला आणि रविवारी सकाळी ती त्याला तिच्या मित्रमैत्रिणींबरोबर घेऊन निघाली. ऋतिकच्या पायांत दिवाळीला घेतलेले चकचकीत बूट होते. डोंगरासाठी वेगळे बूट लागतात, असं भूमीने सांगून पाहिलं. पण बूट शेवटी चालायलाच असतात, असं त्याचं म्हणणं पडलं.

अर्धा डोंगर चढेपर्यंत अकरा फोटो निघाले आणि अकराही फोटोंत भूमी होती. ऋतिक दोन पावलं बाजूला सरकला, की बिचाऱ्याला एकटं वाटतंय असं समजून ती त्याच्याजवळ येऊन खांद्यावर हात ठेवायची. शेवटी लघवीला जाऊन येतो असं सांगून तो एका मोठ्या खडकामागे गेला, आणि मोबाइल उंच धरून स्वतःचा फोटो काढायला लागला. माथा फोटोत येईना, म्हणून एक पाऊल मागे गेला. मग आणखी एक. तिसरं पाऊल टाकायला खाली जमीन नव्हती. गुळगुळीत बुटांमुळे तो ओल्या गवतावरून घसरत गेला तो थेट खालच्या दलदलीत कमरेपर्यंत रुतला. पाय मुरगळला. तेवढ्यात धुकं उतरलं.

इकडे शहापूरला संध्याकाळचे पाच वाजले होते. अंगठी घालायची वेळ झाली होती आणि सरिता दर दोन मिनिटांनी मोबाइल बघत होती. तेवढ्यात भूमिकाचा फोन आला.

"काकी, घाबरू नका," भूमिका सांगत होती. "ऋतिक डोंगरावरून पडलाय. त्याला न्यायला मानसं—"

आणि फोन तुटला.

पडलाय आणि न्यायला माणसं, एवढंच सरिताच्या कानांत राहिलं. ती मांडवातच खाली बसली. अंगठीचं ताट बाजूला राहिलं, बायका पाणी घेऊन धावल्या. धाकलू पुन्हा पुन्हा फोन लावत राहिला, पण पलीकडे रेंज नव्हती. देवकी सरिताच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिने तिचा हात धरून ठेवला.

"मीच धाडला त्याला," सरिता हळूच म्हणाली. "ताई, तुमच्या भूमीचा फोटो बघून माझा जीव जळत होता. त्याला जायचं नव्हतं."

देवकी म्हणाली, "मीबी तो फोटो जरा जास्तच दाखवला गो. तुला तर मुद्दाम दाखवला."

पुढचे दोन तास दोघी तशाच बसून होत्या. सरिताने मनातल्या मनात जवळच्या म्हसा गावच्या देवाला नवस बोलला, की पोरगा धड परत येऊ दे, जन्मभर कपडे धुवू दे.

सात वाजता मोबाइल वाजला. भूमिकाने फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, की पाय फक्त मुरगळलाय, ऋतिक मजेत आहे. फोटोत डोंगराच्या उतारावर एक मोठं लाल-पांढरं हेलिकॉप्टर उभं होतं. त्याच्या उघड्या दारात, पायाला पट्टा बांधलेला, कमरेपर्यंत चिखलाने माखलेला ऋतिक हेल्मेट घालून बसला होता. दोन्ही बाजूंना दोन धिप्पाड गोरे त्याला धरून उभे होते. भूमी फोटो काढत होती, त्यामुळे ती फोटोत कुठेच नव्हती.

सरिता आधी पोटभर रडली. मग तिने डोळे पुसून फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. तोपर्यंत मागे गर्दी जमली होती. नवऱ्या मुलाच्या मामाने विचारलं, की हेलिकॉप्टर सरकारी आहे काय. सरकारी आहे, असं धाकलूने सांगितलं. आणि फक्त ऋतिकसाठी आलं? फक्त ऋतिकसाठी, सरिता म्हणाली, आणि तिचा आवाज सकाळपासून पहिल्यांदा जागेवर आला. मोबाइल हातोहात फिरला. अंगठ्या एकदाच्या घातल्या गेल्या, पण त्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. पहिली पंगत उठेपर्यंत ते दोन गोरे कर्नल झाले होते.

भात वाढताना देवकी कुठे दिसेना, म्हणून सरिता तिला शोधत मांडवामागे गेली. तिथे पाण्याच्या टाकीजवळ देवकी पाठमोरी उभी राहून फोनवर दबक्या आवाजात बोलत होती.

"अगो, पन हेलिकॉप्टरात जागा होती ना? मग तू कशाला चालत उतरलीस?"

पलीकडून भूमिकाने काहीतरी लांबलचक समजावून सांगितलं.

"ते समदं खरं," देवकी म्हणाली. "पाय दुखतो म्हनायला काय झालं होतं?"