रिकामं जातं फिरवू नये

"जातं फिरवायचं हाय न्हवं? त्यात काय एवढं! चहा निवायच्या आत उरकून देतो बघा!" शिवाजी पेठेतल्या आपल्या घराच्या उंबऱ्यात उभ्या राहून आक्का बोलून गेल्या.

माणसानं एवढा मोठा शब्द बोलू नये. बोललाच, तर पुढं 'देवीच्या मनात असलं तर' एवढं तरी जोडावं. आक्का रोज अनवाणी अंबाबाईला जाणाऱ्या, तिन्हीसांजेचा दिवा कधी न चुकवणाऱ्या. पण त्या दिवशी नेमकं तेवढंच जोडायचं राहून गेलं.

समोर दोघं उभी होती. डोक्यावर केसांची गाठ मारलेला विश्वजित नावाचा संगीतकार, आणि त्याच्याबरोबर गाणारी निशिगंधा. दोघं शालूबाईंच्या गाण्यांचा अल्बम करायला निघाली होती. शालूबाई म्हणजे ज्यांनी जात्यावरची गाणी स्वयंपाकघरातनं उचलली आणि थेट स्टेजवर नेली त्या. त्या काळात लोक तिकीट काढून दळण ऐकायला यायचे! बाई जाऊन बरीच वर्षं झाली. आता नव्या दमाच्या गायकांनी त्यांचं एकेक गाणं वाटून घेतलं होतं. कुणी गिटारवर म्हणणार, कुणी रॅप करणार. हळदीचं गाणं निशिगंधाच्या वाट्याला आलं होतं. आणि शालूबाईंच्या मागं स्टेजवर बसून जातं ओढणारी जुन्या फोटोतली मुलगी शिवाजी पेठेत हयात आहे, जातंही तिच्याकडंच आहे, हे विश्वजितनं कुठून तरी शोधून काढलं होतं.

"आम्ही कंप्युटरमधला जात्याचा आवाज लावून बघितला, आक्का. पण मिक्सर चालल्यासारखा वाटतोय."

"मिक्सरच असंल त्यो!" आक्का म्हणाल्या.

जातं होतं, पण त्याची घडी विस्कटली होती. खालच्या दगडावर तुळशीची कुंडी होती आणि वरचा दगड मोटारसायकलवरची ताडपत्री उडू नये म्हणून ठेवला होता. स्टेज गाजवलेल्या जात्याचं हे असं झालं. माणसांचं तरी दुसरं काय होतं म्हणा!

जातं द्यायला आक्कांची ना नव्हती. हात अडत होता तो गाण्यापाशी. हळदीचं ते गाणं शालूबाईंनी त्यांना समोर बसवून शिकवलं होतं, आणि आक्कांनी ते आपल्या पृथ्वीराजच्या हळदीसाठी राखून ठेवलं होतं. पृथ्वीराज पस्तिशीचा झाला, गाणं राखलेलंच राहिलं. पोरगा उचगावला एका वर्कशॉपमध्ये लेथवर. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पण मुलीकडच्यांना पुण्यातला फ्लॅट पाहिजे, नाहीतर सरकारी नोकरी, नाहीतर दोन्ही. त्याचा बायोडाटा एवढी गावं फिरून आला, की तेवढा तो स्वतः फिरला असता तर एसटीत कंडक्टर म्हणून कायम झाला असता!

सून उंबरा ओलांडेपर्यंत साखर तोंडात घालणार नाही, असं आक्का देवीपुढं बोलल्या होत्या. देवीनं ऐकलं नाही म्हणून पुढच्या वर्षी गूळही सोडला. सून आली नाही, पण आक्कांच्या रक्ताचे रिपोर्ट मात्र असे उत्तम आले, की डॉक्टरांनी ते बाहेर बसलेल्या पेशंटांना दाखवले.

आणि आता कुठं उजाडल्यासारखं दिसत होतं. समोरच्या बाळासोंनी गारगोटीचं स्थळ आणलं होतं. पूर्णिमा नावाची मुलगी, शिकलेली, माणसं साधी. रविवारी पावणे घर बघायला येणार होते. दृष्ट लागू नये म्हणून आक्कांनी गल्लीत कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. लग्न जमतंयच, मग गाणं दोन दिवस आधी म्हटलं तर काय बिघडतं? शिवाय शालूबाईंसाठी म्हणायचं. आक्कांनी होकार दिला.

शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात माइक उभे राहिले. पंखा बंद, फ्रिज बंद, कुकर बंद. आक्कांनी जातं धुऊन, हळद-कुंकू वाहून मांडलं होतं.

"आता नुसतं फिरवा," विश्वजित म्हणाला.

आक्कांनी खुंट्यावरचा हात काढून घेतला.

"नुसतं? रिकामं जातं फिरवू नये बाबा. घर रिकामं हुतंय."

"आक्का, आम्हाला फक्त आवाज पाहिजे."

"आवाज दाण्याचा असतोय. दगडाचा न्हवं."

झालं! मूठभर जोंधळा घातला. विश्वजितनं कानाला हेडफोनची डबडी लावून ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "जड येतोय." मग गहू घातला. "ओला वाटतोय." तांदूळ घातला. "हा फारच पांढरा आहे." आवाज पांढरा कसा असतो ते देवी जाणे! तेवढ्यात भंगारवाला ओरडत गेला, परत सुरुवात. कबुतर घुमलं, परत सुरुवात. निशिगंधाला ठसका लागला, परत सुरुवात! चहा कधीच निवला होता, त्याच्यावर साय धरून ती फाटलीही होती. एकेक प्रकारचं पीठ परातीत साठून लहानसा पन्हाळगड तयार झाला.

"त्या डब्यात काय आहे?" विश्वजितनं फळीकडं बोट दाखवलं.

त्या डब्यात हळकुंडं होती. एकेक निवडून, ऊन देऊन ठेवलेली. गारगोटीचं ठरलं की काढायची म्हणून.

"त्येला नगं हात लावायला."

"पण गाणं हळदीचं आहे ना, आक्का? शालूबाई स्टेजवर काय दळायच्या?"

खोटं बोलायचं नाही हा आक्कांचा आणखी एक नेम. "हळदच," त्या हळूच म्हणाल्या.

पहिलं हळकुंड दगडाखाली कडाडलं आणि विश्वजित जागचा उडाला. "हाच! हाच आवाज! आता काहीही झालं तरी थांबायचं नाही!"

काहीही झालं तरी! या पोराला पेठ माहीत नव्हती.

खुंट्याच्या एका बाजूला आक्का, दुसऱ्या बाजूला निशिगंधा. खिडकीतून पिवळा धुरळा गल्लीत निघाला. निशिगंधानं घाम पुसला आणि एक गाल पिवळा झाला, नाक पुसलं तर दुसराही. हळदीचा वास कोपऱ्यावरच्या रशिदाभाभींच्या बांगड्यांच्या दुकानापर्यंत पोहोचला. आता एक गोष्ट पेठेत लहान पोरालाही कळते. मिक्सरच्या जमान्यात घरातलं जातं निघतं ते फक्त लग्नात, हळद दळायला.

रशिदाभाभी दारात आल्या. जातं बघितलं. पिवळी निशिगंधा बघितली. कपाळावर हात मारून घेतला.

"आक्का! पोराचं लगीन काढलंसा आन् आमाला कळवलं बी न्हाय?"

विश्वजितनं ओठांवर बोट ठेवलं. आक्कांचं तोंड गाण्यात अडकलेलं. त्यांनी हातानंच खूण केली, 'गप राहा, मग सांगतो.' रशिदाभाभींना त्या खुणेतनं पाहिजे तेवढं कळलं. गुपचूप चाललंय! मुलगी पळवून आणलेली दिसते!

"माझ्या पोटातनं भाईर जाणार न्हाय," त्या कुजबुजल्या आणि हिरव्या बांगड्या आणायला धावल्या. दुकान पन्नास पावलांवर. तेवढ्या वाटेत त्यांनी भेटेल तिला सांगितलं, "कुणाला बोलू नगासा हं!"

नारळ घेऊन एक आली, कुंकवाचा करंडा घेऊन दुसरी आली, मग बघता बघता स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. ओवी ऐकू आली की आपला सूर मिसळल्याशिवाय बाईला राहवतच नाही. जात्याभोवती रिंगण झालं. रशिदाभाभींनी निशिगंधाचा मोकळा हात ओढून त्यात बांगड्या चढवायला सुरुवात केली. ती बिचारी एका हातानं जातं ओढत, तोंडानं गात, डोळ्यांनी विश्वजितला विचारत होती की हे काय! विश्वजितचे मात्र डोळे मिटलेले आणि मान डोलत होती. असा कोरस त्याला विकत घेऊन मिळाला नसता.

आणि आक्का? आक्कांना थांबता आलं असतं. एकदा हात उचलला असता की सगळं तिथंच मिटलं असतं. पण मालक गेल्यापासून या घरात एवढ्या बायका आल्या नव्हत्या. एवढा बांगड्यांचा आवाज नव्हता. हळदीचा वास नव्हता. आक्कांनीही डोळे मिटले आणि गळा सोडला.

हळद दळू बाई, पिवळा झाला गं उंबरा
उभा दारात राहिला गोरा हळदीचा नवरा

पृथ्वीराजची पहिली पाळी सुटली होती. तेलकट डबा हातात, सदऱ्याला लोखंडाचा कीस, असा तो नेमका त्या ओळीला दारात येऊन उभा राहिला. चपलांचा ढीग बघितला, बायका बघितल्या.

"आई, कुणाचं लगीन हाय?"

क्षणभर जातंसुद्धा थांबलं. मग बायकांनी छप्पर उडवलं. "तुझंच की रं!"

पृथ्वीराजनं निशिगंधाकडं बघितलं. निशिगंधानं, पिवळीधमक, त्याच्याकडं बघितलं. त्यानं डबा खाली ठेवला, सदरा खोचला, केसावरनं हात फिरवला. आक्कांनी ते बघितलं आणि मनातल्या मनात हात जोडले. कोण जाणे, देवीनंच घरापर्यंत धाडली असेल!

"अहो, ही माझी बायको आहे," विश्वजित डबडी काढून म्हणाला. "रेकॉर्डिंग चाललंय."

छप्पर परत जागेवर बसलं. नारळवालीनं नारळ पदराआड घेतला. करंडेवाली दूध उतू जाईल म्हणत निघाली. बांगड्या चढताना चढल्या, उतरेनात, म्हणून रशिदाभाभींनी त्या निशिगंधाला तशाच दिल्या आणि खाली मान घालून गेल्या. पृथ्वीराजनं खोचलेला सदरा परत बाहेर काढला.

"मघाशी बाळासो दारापर्यंत येऊन गेलं का वो?" जाता जाता कुणी तरी म्हणालं. "लई रागानं फोनवर बोलत हुतं."

आक्कांच्या हातातला खुंटा सुटला. त्या तशाच पिवळ्या हातांनी समोरच्या घरी धावल्या.

बाळासो तालमीतला माणूस, आवाज मैदानाएवढा. "मी गारगोटीचं स्थळ आणायचं, आन् तुमी परस्पर नवरी आणून तिच्याकडनं हळद दळून घ्यायची! मी शब्दाचा माणूस हाय, आक्का. कळवून टाकलं त्यास्नी. पोराचं लगीन ठरलंय, रविवारी येऊ नगासा!"

"अवो बाळासो, गाणं हुतं ते!"

"गाणं?"

"शालूबाईंचं! अल्बमसाठी!"

बाळासोंचा आवाज पहिल्यांदाच घराबाहेर गेला नाही. त्यांनी तिथल्या तिथं गारगोटीला परत फोन लावला आणि सगळं समजावून सांगितलं. पलीकडनं कुणी वडीलधारी बाई बोलली. फोन कानापासून हातभर लांब असूनही आक्कांना स्वच्छ ऐकू आलं. "एकदा हळद निघालेल्या घरात आमी पोरगी देत न्हाय. कशापाय का निघंना!"

रविवार तर ठरलेला. पावण्यांनी जीप सांगितलेली. माणसांना असं अधांतरी ठेवणं बाळासोंच्या स्वभावात बसेना. त्यांनी आपल्या पुतण्याला, सम्राटला, इस्त्रीचा सदरा घालून बसवलं. बाळासोंच्या घरचे पोहे गारगोटीकरांना आवडले. सम्राटही आवडला.

अल्बम निघाला. गिटारवाली, रॅपवाली गाणी आली तशी गेली. चाललं ते हळदीचं. विश्वजितनं त्यात सगळं तसंच ठेवलं होतं. हळकुंडाचा कडाडा, बायकांचा कोरस आणि नेमक्या त्या ओळीनंतर पृथ्वीराजचा प्रश्न. आता गावात कुठल्याही हळदीला डीजे तिथं थांबतो. "आई, कुणाचं लगीन हाय?" असा पृथ्वीराजचा आवाज येतो, सगळी जत्रा नवरदेवाचं नाव घेऊन ओरडते, आणि मग जे काही दणकतं त्यानं भांडी फळीवरनं खाली येतात. वर्कशॉपमध्ये एकानं तर तीच रिंगटोन ठेवली. एवढ्या लग्नांना हजेरी लावलेला दुसरा ब्रह्मचारी जिल्ह्यात नसेल.

सम्राटच्या हळदीच्या दिवशी बाळासो मान खाली घालून आक्कांच्या दारात उभे राहिले.

"आक्का, जातं पायजे हुतं. मागायला त्वांड न्हाय. पर गल्लीत दुसरं न्हाय."

लग्नाला मागितलेल्या जात्याला नाही म्हणू नये. आक्कांनी तुळशीची कुंडी बाजूला केली. मग आत जाऊन फळीवरचा डबा आणला आणि बाळासोंच्या हातात दिला.

"ही बी न्या. दळलेलीच हाय."

"आक्का..."

"आन् जातं रिकामं फिरवू नगासा. मूठभर काय तरी घाला त्यात."

तिन्हीसांजेला आक्कांनी देवापुढं दिवा लावला आणि चहा टाकला. पृथ्वीराज कामावरनं येऊन खिडकीशी बसला होता. समोर मांडव झगमगत होता. जातं घरघरलं, बायका गायला लागल्या, आणि गाणं त्या ओळीवर येऊन थांबलं.

"आई, कुणाचं लगीन हाय?" समोरच्या भिंतीएवढ्या स्पीकरमधनं पृथ्वीराजनं विचारलं.

"सम्राटचं!" अख्खी गल्ली ओरडली. खिडकीची तावदानं थरथरली.

पृथ्वीराजनं बशीत चहा ओतला.

"आवाज बरा आलाय की, आई."

"व्हय," आक्का म्हणाल्या.

त्याच्या चहात त्यांनी साखर ढवळून दिली. आपला कोरा, बिनसाखरेचा कप तोंडाला लावला आणि सावकाश घोट घेतला. रिपोर्ट याही महिन्यात उत्तमच आले होते.