करंजमळ प्रायव्हेट लिमिटेड

सोमाआप्पांना लग्नात भात वाढायला सांगून बघा. परात हातात घेण्याआधी ते पंगतीसमोर उभे राहतात आणि खणखणीत आवाजात जाहीर करतात, "वाढतो. पण आपली जबाबदारी लिमिटेड हाय. भात कुनाच्या धोतरावर सांडला तर ते पंगतीचं नुकसान, माझं न्हवं." मग वाढायला लागतात, आणि हात इतका सढळ की माणसाला 'पुरे' म्हणायलाही फुरसत मिळत नाही.

जीपमध्ये शेजारच्या बाईचं पोर मांडीवर घेतानाही तेच. "धरतो. पर रडलं तर लिमिटेड." पोर दिग्गीच्या फाट्यापर्यंत त्यांच्या मांडीवर गाढ झोपतं, आणि पायाला मुंग्या आल्या तरी आप्पा हलत नाहीत. जीपवाले त्यांना तोंडावर 'लिमिटेड आप्पा' म्हणतात. आप्पांना त्याचा राग येत नाही. उलट ते सुधारणा करतात, "प्रायव्हेट लिमिटेड."

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं तेव्हा मी साक्षीला होते. जोयड्यात स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. लोक म्हणतात मी खडूस आहे. दिवसभर 'सर्व्हर इल्ला', म्हणजे सर्व्हर नाही, हे दोन शब्द कन्नडमधून मराठीत आणि मराठीतून कोंकणीत समजावून सांगायचे असतील तर कोणीही खडूस होईल. पावसाळ्यात इथली वीज जाते, नेट जातं, आणि अर्जदार तेवढे जात नाहीत.

तालुका पंचायतीच्या हॉलमध्ये एकदा कोकम आणि मधवाल्या शेतकऱ्यांसाठी शिबिर होतं, कंपनी कशी काढायची याचं. आप्पा फुकटचा उपमा खायला गेले आणि खाऊन झोपले. नेमकी जाग आली तेव्हा वक्ता सांगत होता की कंपनी बुडाली तरी मालकाचं घरदार बुडत नाही, आणि मालक मेला तरी कंपनी मरत नाही. आप्पा तसेच उठले आणि माझ्या दुकानात आले.

"बाय, मानूस मेला तरी ती मरत न्हाई म्हनत्यात. खरं काय?"

"कायद्यानं खरं आहे."

"मग आमच्या करंजमळची एक काढ."

करंजमळ ही आप्पांची वाडी, दिग्गीच्या वाटेवर आत रानात. जीप सोडून ओढा ओलांडायचा आणि चढ चढायचा. एके काळी तिथं घरं होती, भाताचे मळे होते. मग जंगलातून बाहेर पडायचं सरकारी पॅकेज आलं आणि एकेक घर रामनगरकडे उतरलं. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आजारी माणसाला डोलीत घालून ओढा पार करायचा म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. आप्पांचा धाकटा भाऊ नागेश सगळ्यात शेवटी गेला. आप्पांची बायको त्याच्या आधीच वारली होती. मूलबाळ नाही. आता करंजमळमध्ये आप्पा आणि त्यांची म्हैस.

मी त्यांना कंपनीची वाट समजावून सांगितली. आधी संगणकावरची सही काढायची. मग नाव मंजूर करून घ्यायचं. मग कंपनी कशासाठी काढतोय आणि कारभार कसा चालवणार, ते दोन कागदांवर लिहायचं. कार्यालयाचा पत्ता द्यायचा, त्याला वीजबिल जोडायचं. मग सरकारकडून जन्मदाखला येतो.

"कंपनीला जल्मदाखला?" आप्पा हरखले. "माझा न्हाई बग अजून."

आणि संचालक किमान दोन लागतात, असंही मी सांगितलं. ते ऐकून आप्पा चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "दोन झालं. एक मी, एक ग्रामपुरुस."

ग्रामपुरुष म्हणजे वाडीचा राखणदार देव. झाडाखाली बसलेला, उघड्यावर. आमच्याकडे कुठलंही काम पहिल्यांदा त्याच्या नावानं निघतं, त्यामुळे आप्पांचं म्हणणं त्यांच्या दृष्टीनं अगदी सरळ होतं. मी दांडेलीच्या सीएंना फोन लावला. ते शांत गृहस्थ. म्हणाले, संचालक जिवंत माणूसच लागतो, पॅन कार्ड लागतं, कॅमेऱ्यासमोर बसून नाव सांगावं लागतं.

"पॅन न्हाई म्हनून देवाला भायेर ठिवायचं?" आप्पा भडकले. "उद्या तुमच्या हापिसात वाघ शिरला तर पॅन कार्डाला हाक मारा मग." पुढं बरेच दिवस ते माझ्या दुकानावरून तोंड फिरवून जात होते.

राग ओसरल्यावर ते रामनगरला भावाकडे गेले. नागेशनं चहा दिला, जेवायला घातलं आणि सहीला नाही म्हणाला. "दादा, त्या रानाचं नाव आता माज्या म्होरं काढू नगंस," एवढंच बोलला. हे आप्पांनी मला सांगितलं तेव्हा ते हसत होते. ते हसणं मला बघवलं नाही, म्हणून मी उगाच प्रिंटरचं झाकण उघडून बसले.

सीएंनी मग तोडगा काढला. म्हणाले, कायद्यात एकाच माणसाची कंपनीही काढता येते, सोपं काम आहे, वारस म्हणून एक नाव तेवढं द्या.

आप्पांनी बराच वेळ फोनकडे बघितलं. "येकट्याची कंपनी? येकटा तर मी हायच की बाय. त्याला सरकारचा शिक्का कशाला?"

मी काही मऊ काळजाची बाई नाही. पण उत्पन्नाच्या दाखल्यांचा हंगाम होता, आप्पा काउंटर अडवून उभे होते, आणि मागं रांग वाढत चालली होती. मी म्हटलं, "घाला दुसरी संचालक म्हणून माझं नाव. पण माझी जबाबदारी लिमिटेड."

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मला रांगेतल्या माणसावर ओरडावंच लागलं.

संगणकावरच्या सहीसाठी कॅमेऱ्यासमोर बसले तेव्हा आप्पांनी टोपी काढली, कॅमेऱ्याला हात जोडले आणि नाव विचारल्यावर आजोबापासून सुरुवात केली. तीनदा नापास झाले. नाव मंजूर होताना 'प्रायव्हेट' या शब्दावर अडले. "खाजगी कशापाई? सगळ्यांची हाय न्हवं?" तो शब्द कायद्यानं लागतोच म्हटल्यावर कसंबसं गिळलं. पत्त्याला वीजबिल हवं होतं. करंजमळमध्ये वीज असते की नाही हा वादाचा मुद्दा आहे, पण बिल मात्र नेमानं येतं. कंपनी नेमकं काय विकणार, हा प्रश्न सीएंनी विचारेपर्यंत आप्पांना पडलाच नव्हता. "कोकम लिवा," म्हणाले. "झाडं हाईत परड्यात."

पत्त्यावरून मात्र खरी खडाजंगी झाली. सीए म्हणाले, कार्यालय जोयड्यात दाखवा, या बाईंच्या दुकानात. रानात टपाल कोण नेणार? आप्पा म्हणाले, पत्ता करंजमळचाच, नाहीतर कंपनीच नको. सीए वैतागले. "मग दरवर्षीची सर्वसाधारण सभा तिथंच घ्यावी लागेल, त्या रानात. सगळ्या भागधारकांना नोटीस पाठवून. कायदाच आहे तसा."

"समद्यांना?"

"सगळ्यांना नोटीस द्यावीच लागते. यायचं की नाही ते ज्याच्या त्याच्या मनावर. दोघं आले तरी सभा भरते."

आप्पांनी यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते म्हणून सांगते. सुगीत धान्य घरात आल्यावर माणसाचं तोंड होतं, तसं झालं होतं.

दाखला आल्यावर त्यांनी शेअर वाटायला काढले, ते आमच्याकडच्या वाट्याच्या रीतीनं. देवाचं जेवण झालं की प्रत्येक चुलीमागे एक वाटा काढतात. घरातला माणूस गावाला गेलेला असला तरी त्याच्या चुलीचा वाटा बाजूला ठेवतात, त्यात कोणी हात घालत नाही. माझ्या नावावर एक होताच; आप्पांनी उठून गेलेल्या प्रत्येक चुलीला एक शेअर दिला. रामनगरला घरोघर जाऊन, पाया पडून, हसून, कधी भांडून त्यांनी लोकांना तो घ्यायला लावला. म्हाताऱ्याचा नाद म्हणून लोकांनी घेतला. नागेशनंही घेतला.

सभेची नोटीस मी टाइप केली. शेवटी नेहमीचं कलम घातलं, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय'. ते कलम आप्पांना फार आवडलं. सगळ्या पाकिटांवर तिकिटं त्यांनी स्वतः चिकटवली.

सभेच्या दिवशी मी जीपनं गेले. पावसाळा सरत आला होता, पण रान अजून गळत होतं. चढावर पायाला जळवा लागल्या. वर पोचले तर करंजमळमधलं एकूण एक अंगण झाडून सारवलेलं. छप्पर खाली आलेल्या घरांचंसुद्धा. आप्पांच्या ओसरीवर घोंगड्या अंथरलेल्या, आणि मांडलेली पानं, चुलीमागे एक. दारावर कंपनीची पाटी, कन्नडमध्ये आणि मराठीत. आप्पा पांढरा सदरा घालून वाटेकडे तोंड करून बसले होते.

आम्ही वाट बघितली. खालून एकदा जीपचा आवाज आला तेव्हा आप्पा उठून ओट्याच्या कडेला गेले. जीप पुढं निघून गेली. "पाऊस हाय," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आन आज रामनगरचा बाजार असंल." बाजार नव्हता.

शेवटी मीच म्हटलं, "आप्पा, दोघं आहोत. सभा भरते."

ते अध्यक्षाच्या जागी बसले. नेमून दिलेले विषय लगेच संपले, कारण कंपनीनं काहीच विकलं नव्हतं. मग ऐनवेळचे विषय निघाले. नागेशच्या घरावर ताडपत्री घालणे. सूचक आप्पा, अनुमोदक मी. मंजूर. पलीकडच्या विहिरीतला पाला काढणे. मंजूर. उठून गेलेल्या शांतावैनीच्या तुळशीला आळं करणे, ती आली तर तिला वाईट वाटायला नको. मंजूर. एकेक घर घेत आप्पा अख्खी वाडी फिरले, आणि मी प्रत्येकाला 'अनुमोदन' म्हणत राहिले. त्यांच्या स्वतःच्या घराची मागची भिंत खचली होती, तिचा विषय आला नाही.

मी म्हटलं, "अध्यक्षांच्या परवानगीनं एक विषय माझा."

"परवानगी हाय."

"सोमाआप्पांनी आता रामनगरला भावाजवळ राहायला जावं."

ओसरीवरून पागोळ्या पडत होत्या. आप्पांनी मांडलेल्या पानांकडे एकदा सगळीकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोणी हात वर करतंय का ते पाहावं तसं.

"सूचक तू," ते हळूच म्हणाले. "अनुमोदक कोन?"

कोणी नव्हतं. ते थोडा वेळ थांबले, नियमाप्रमाणे थांबायला हवं तेवढं.

"अनुमोदन न्हाई. इषय बारगळला."

मी पिशवी घेतली. जीपची वेळ झाली होती, आणि तिथं आणखी बसले असते तर रडू आलं असतं. ओट्यावरून उतरले तेव्हा मागून आवाज आला. वर्षभर या माणसाच्या तोंडून मी कायद्याशिवाय एक मागणं ऐकलं नव्हतं.

"बस की गं जरा. कोन तरी बसलेलं असलं म्हंजे बरं वाटतं."

मी परत चढून घोंगडीवर बसले. खाली ओढ्यापलीकडे जीपवाला हॉर्न वाजवत राहिला.