उजव्या सोंडेचं ग्लुकोज

रोह्याची नोकरी माझ्या खिशात होती. पेणच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवतो, म्हणजे सुट्टी लागली की माझा पगारही सुट्टीवर जातो. रोह्याला कायमची जागा निघाली होती आणि त्यासाठी समितीपुढे ग्लुकोजच्या रचनेवर पाठ घ्यायचा होता. बाकीचे उमेदवार फळ्यावर रेघोट्या ओढणार. मी मॉडेल नेणार, तेही पेणजवळच्या जोह्याच्या, गणपती घडवणाऱ्या मूर्तिकाराने केलेलं!

त्या मूर्तिकाराला, हैबतरावांना, मी चित्र दिलं. सहा काळे गोळे एकावर एक, ते कार्बन. मधल्या चारांना एकेक लाल गोळा, तीन उजवीकडे, एक डावीकडे.

"यात काय अवघड हाय?" म्हणाले.

मॉडेल माझ्या हाती द्यायला त्यांचा जीव होईना. ते मांडीवर घेऊन स्वतःच एसटीने रोह्याला आले. वरचा कागद सुटला तो थेट समितीसमोर. काय ते रंग, काय ती चकाकी! मी तोंड उघडणार, इतक्यात समितीतल्या तज्ज्ञ सुहासिनी मॅडमनी चष्मा सावरला.

"सर, हे उलटं आहे. आरशातलं ग्लुकोज. गोड लागेल, पण अंगी लागणार नाही."

मी बघितलं. तीन डावीकडे, एक उजवीकडे.

"मुद्दाम केलंय मॅडम. मुलांनी चूक शोधावी म्हणून."

"मुद्दाम कसलं?" दारातून हैबतराव म्हणाले. "मीच फिरवलं. उजव्या सोंडेचं लय कडक असतं, सर. कॉलेजात सोवळं कोण पाळणार? म्हणून तिन्ही डावीकडं घेतले. मग तोल जाया लागला, तर तो एकटा उजवीकडं लावला. तुमच्याच भल्यासाठी."

समिती हसली. प्राचार्य तर डोळे पुसत होते. मीही हसलो, खेळकर माणसाला नोकरीत लवकर घेतात असं कुठेतरी ऐकलं होतं. पाठ कसाबसा संपवला.

आठवड्याने रोह्याहून फोन आला. बायकोला देवापुढे साखर ठेवायला सांगितली आणि मगच उचलला.

"सर, प्राचार्य बोलतोय. आमचा निर्णय झाला. अगदी एकमताने."

"आभारी आहे सर," माझा आवाज चिरकला.

"यंदा संस्थेचा गणपती हैबतरावांकडूनच घ्यायचा. त्यांचा नंबर द्याल का?"

मी नंबर दिला.

"आणि माझं, सर?"

"तुमचं काय?"