तीन ठोक्यांची घोडी

आमचे घरमालक नामूकाका भोईर माणसाचा चेहरा नंतर बघतात, आधी पाय बघतात. कोन गावी त्यांची वरची खोली भाड्याने मागायला गेलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही की नोकरी विचारली नाही. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालायला लावलं आणि म्हणाले, "मास्तर दिसता. समदं वजन पुढं हाय तुमचं. वजन मागं घ्या." खोली मिळाली. वजन मात्र मला अजून मागं घेता आलेलं नाही.

"वजन मागं" हे काकांचं सगळ्या रोगांवरचं एकच औषध आहे. नाक्यावर रिक्षात चौथा माणूस ड्रायव्हरशेजारी बसला की काका आडवे जाऊन ओरडतात, "अरे, वजन पीछे ले!" भाच्याच्या लग्नात नवरदेव हार घालायला वाकला, तेव्हाही त्यांनी पहिल्या रांगेतून ही सूचना मोठ्याने केली होती. नवरी हसली आणि हार हुकला, असं काकी सांगतात.

या वेडाचं मूळ म्हणजे चांदणी, काकांची पांढरी घोडी. पण चांदणीच्याही आधी कापड विणायच्या लूम होत्या. बारा लूम, तीस वर्षं. काका दारात उभे राहून नुसत्या कानाने सांगायचे, "सातवी लंगडते," आणि थोड्या वेळाने सातवीचाच धागा तुटायचा. त्या खडखडाटानेच त्यांचे कान नेले. उजवा साफ गेला, डावा चार आणे उरला. पुढे लूम भंगारात गेल्या.

"बंद झाल्या तवा वाटलं, चला, सुटलो," काका एकदा मला म्हणाले. "दुसऱ्या दिवशी सकाली उठलो, तं जीव लागं ना. कायतरी वाजाया पायजे, मास्तर."

दुसऱ्या कुणी रेडिओ घेतला असता. काकांनी एका बँडवाल्याकडून घोडी आणली.

घरामागे त्यांचं एक मोकळं रान आहे, दोन गोदामांच्या मध्ये. तिथेही गोदाम बांधू द्या म्हणून दलालांनी चपला झिजवल्या. काका त्यांना बांधावर बसवून चांदणीच्या फेऱ्या दाखवतात. तिसऱ्या फेरीला दलाल उठून जातो.

आता थोडं शास्त्र, कारण मलाही ते सक्तीने शिकावं लागलं. दुडक्या चालीच्या पुढची आणि चौखूर उधळण्याच्या अलीकडची घोड्याची एक चाल असते. तिच्यात पायांचे तीन ठोके पडतात आणि मग एक क्षण घोडा हवेत असतो. एक, दोन, तीन, गप्प. तोल गेला, वजन पुढच्या पायांवर पडलं, की तिनाचे चार होतात. चांदणीचे चार व्हायचे, आणि तेही फक्त चिंचेपाशी, डाव्या वळणावर. काकांचं निदान ठरलेलं होतं. वरातीत घोडी धरणारा कायम डाव्या अंगाला चालतो आणि लगाम आपल्याकडे ओढतो. नऊ वर्षं नवरदेव वाहून चांदणी डावीकडे कलली होती.

मग उपचार सुरू झाले. लूमच्या जुन्या लाकडी पट्ट्या जमिनीवर अंतराअंतराने मांडून तिला त्यांवरून नेणं. उजव्या हाताला मोठे गोल. दहा पावलं दुडकी, दहा पावलं तीन ठोके, पुन्हा दुडकी, म्हणजे वजन आपोआप मागच्या पायांवर येतं. हे सगळं काका मनापासून करायचे. अडचण एकच होती. ठोके मोजायचे कुणी? मुलाने कानाचं मशीन आणून दिलं होतं, ते पहिल्याच आठवड्यात कानातून निसटलं आणि चांदणीने त्यावर पाय दिला. काका म्हणाले, बरोब्बर मागचा पाय दिला, प्रगती हाय.

म्हणून मी त्यांचा कान झालो. शाळा सुटल्यावर मी बांधावर बसायचं आणि बोटं वर करायची, तीन किंवा चार. एकदा रस्त्यावरून आमचे हेडमास्तर चालले होते, त्यांना मी हात केला. काका घोडी थांबवून खाली उतरले, चेहरा पांढराफटक. "पाच? मास्तर, पाच ठोके येतील तरी कुठून?"

गणपती गेले, दिवाळी गेली. चिंचेपाशी चारच. तुळशीची लग्नं जवळ आली तसे बँडवाल्याचे फोन सुरू झाले, घोडी परत देता का म्हणून. त्या रविवारी मी चार बोटं दाखवली, आणि काका उतरून चांदणीच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले.

"देऊन टाकतो तिला," ते म्हणाले. "उद्या मानूस येतंय त्याचा. माझ्या हातून तिचं भलं व्हाया न्हाय. उगा छलतंय मुक्या जित्राबाला."

काकी मागच्या अंगणात सुकटीसाठी जवळा वाळत घालत होत्या. त्या तशाच उठून रानात आल्या, काकांचा डावा कान धरून खाली ओढला आणि त्यात ओरडल्या, "घोरी न्हाय वाकरी! तुमी वाकरे हाव! आवाज आयकाया चिंचेपाशी ह्यो कान खाली नेता, नि समदं वजन टाकता तिच्या डाव्या खांद्यावर!"

काकांनी कान सोडवून घेतला. "मंग आदी का न्हाय सांगलंस?"

"गणपतीपासून सांगतंय!"

चूक उघडी पडली. घोडीचा तोल सांभाळायचा तर या माणसाने सरळ बसायचं, आणि सरळ बसलं की ज्या आवाजासाठी तिला आणली तो आवाज गेला. हे काकांच्याही लक्षात आलं असावं. थोडा वेळ ते लगामाशी उगाच चाळा करत राहिले. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, कान खाली न्यायचा मोहच नको म्हणून दोन्ही कानांवरून घट्ट बांधला, हनुवटीखाली गाठ मारली आणि वर चढले. दाढदुखीचा पेशंट घोड्यावर बसल्यासारखे दिसत होते. मला हसू आलं नाही.

चिंच आली. काका ताठ. एक, दोन, तीन, गप्प. एक, दोन, तीन, गप्प. मी बोटं वर केली आणि खाली घ्यायचं विसरलो. चांदणीने दहा फेऱ्या मारल्या, एकही ठोका जास्तीचा नाही. त्या रानात तिघं माणसं होती, आणि ज्याला ऐकायचं होतं त्यालाच ते ऐकू येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

उतरल्यावर त्यांनी टॉवेल सोडला. "तीन?"

"तीन."

"चिंचेपाशी बी?"

"चिंचेपाशीसुद्धा."

त्यांनी मला बँडवाल्याला फोन लावायला सांगितला, घोडी देत नाही म्हणून. मग अंगणातल्या ओट्यावर येऊन टेकले आणि जरा लाजत विचारलं, "कसं वाजतंय, मास्तर?"

मी तोंडाने करून दाखवलं. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. शेवटी मी त्यांचा तळहात घेतला आणि त्यावर बोटांनी ठोके देऊ लागलो. मी मराठीचा मास्तर. माझं आणि तालाचं कधी जमलेलं नाही.

"मास्तर, चार मारताय," काकी म्हणाल्या.

त्यांनी हात पदराला पुसले, काकांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि वाजवायला लागल्या. एक, दोन, तीन, गप्प. अगदी चांदणीच. रोज स्वयंपाकघरातून ही बाई सगळं ऐकत होती, हे मला तेव्हा कळलं. माझी ड्युटी तिथेच संपली. काकांनी डोळे मिटले होते. काकींकडे ते इतके झुकले होते की समदं वजन पुढं आलं होतं.

जवळ्यावर कावळा आला म्हणून काकी त्याला हाकायला उठल्या. काकांनी डोळे न उघडता हात तसाच पुढे धरून ठेवला.

"थांबू नको," ते म्हणाले. "चिंचेचं वलन यायचं हाय अजून."