कार्थेजचं वॉर्निश

"अहो, परवाचे टॉवेल अजून वाळले नाहीयेत!" मोजणीदारांची बायको जिन्याखालून ओरडली. मोजणीदार तेव्हा गच्चीत वॉर्निशचा डबा खळखळ हलवत उभे होते. टॉवेलांचा आणि युद्धाचा काय संबंध, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

त्यांच्यापुढे एका जुन्या फळीवर कार्थेजचं सगळं सैन्य उभं होतं. बोटाच्या दोन पेरांएवढे एकशे चाळीस प्लास्टिकचे सैनिक आणि सहा हत्ती. सैन्य दातांच्या डॉक्टरांचं. बावीस वर्षं दर रविवारी हे दोन मित्र मोजणीदारांच्या जेवणाच्या टेबलावर फासे टाकून प्राचीन काळातली युद्धं लढत. मोजणीदारांकडे रोम, डॉक्टरांकडे रोमचं जुनं वैरी कार्थेज. मोजणीदारांचा जन्म लोकांच्या जमिनी मोजण्यात गेला होता, त्यामुळे हत्ती अर्धा इंच जास्त सरकला तरी ते शेताचा बांध रेटल्यासारखे भांडत.

रंगवायचे दोघंही, पण मोजणीदारांना अभिमान होता तो आपल्या रोमनांच्या लाल झग्यांचा. अकरा वर्षांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर ब्रशला हात लावायचा नाही असं बजावलं गेलं, म्हणून मोह नको व्हायला, त्यांनी अख्खं सैन्य डॉक्टरांकडे ठेवायला दिलं. महिन्यानं परत आणलं आणि नव्या डोळ्यानं प्रथमच नीट पाहिलं, तेव्हा ते स्वतःवरच खूश झाले. काय त्या घड्या, काय ती सावली! इतकी वर्षं आपण आंधळेपणानं एवढं सुरेख रंगवत होतो तर!

"डॉक्टर, असा झगा रंगवायला हात लागतो, हात!" ते त्यानंतर दर रविवारी ऐकवत.

"खरंय," डॉक्टर म्हणत आणि फासे उचलत.

डॉक्टर सहा आठवड्यांपूर्वी गेले. हॉस्पिटलच्या खाटेवर त्यांनी मोजणीदारांचं मनगट धरलं होतं. "रंगवून सगळं झालंय रे. वॉर्निश तेवढं राहिलंय, ते तू मार. नाहीतर हात लागून लागून रंग जाईल. आणि हे बघ, कोरड्या हवेत मार." हे म्हणताना ते खुदकन का हसले, ते मोजणीदारांना कळलं नव्हतं. औषधांमुळे असेल, असं त्यांना वाटलं.

सहा आठवडे मोजणीदारांना ती खोकी उघडवली नाहीत. दोनदा दोरी सोडली आणि दोनदा परत बांधली. शेवटी वहिनींचा, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोचा, निरोप आला. रविवारी पाच वाजता न्यायला येते, काचेच्या कपाटात जागा केली आहे. "त्यांच्या हातचं आता तेवढंच उरलंय, भाऊजी," त्या म्हणाल्या होत्या. त्यामुळे आभाळ दोन दिवस गळत असूनही, रविवारी सकाळी, पाऊस थांबलेला पाहून मोजणीदारांनी फवारा मारला.

पाच मिनिटांत सगळं सैन्य पांढरं झालं. आधी शिरस्त्राणांवर धुकं आल्यासारखं वाटलं, मग ढाली गेल्या, मग चेहरे. दमट हवेत वॉर्निश असंच करतं.

"हे काय, पावडर लावून बसलेत सगळे?" बायको वर येऊन म्हणाली.

"वाळलं की जाईल."

"टॉवेल गेले दोन दिवस वाळतायत."

मोजणीदारांनी सैन्य घरात आणलं आणि बायकोचा केस वाळवायचा ड्रायर चालू केला. पहिल्या झोतात सैन्याची उजवी बाजू आडवी झाली. दुसऱ्यात भाले मऊ पडून खाली वाकले. पांढरेपणा मात्र जागचा हलला नाही. मग त्यांनी एक हत्ती खिशात घातला आणि कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात धाव घेतली.

दुकानदारानं हत्ती उलटासुलटा करून पाहिला. "तेल चोळा साहेब, खाण्याचं. धुकं जातं."

"नक्की?"

"अहो, दारंखिडक्या करतो आम्ही. तुमचा तर हत्ती आहे. तेल जास्त झालं तर हे स्पिरिट न्या. दोन मिनिटं बुडवायचं आणि काढायचं. पण दोन म्हणजे दोन!"

तेलानं खरंच धुकं गेलं. मोजणीदारांच्या जिवात जीव आला. कापसाच्या बोळ्यानं एकेक सैनिक पुसताना ते चेहरे त्यांनी आयुष्यात प्रथमच जवळून पाहिले. बावीस वर्षं शत्रू म्हणून टेबलापलीकडूनच पाहिले होते. प्रत्येकाला भुवया होत्या. एकाची दाढी दोन दिवसांची होती, आणि एकाचा गाल दात दुखत असल्यासारखा सुजलेला होता. "अरे गाढवा, सांगितलं का नाहीस?" मोजणीदार त्या सैनिकाला म्हणाले आणि नाक ओढत पुढचा उचलला.

पण आनंदाच्या भरात तेल सढळ हातानं लागलं होतं. मालिश करून आखाड्यात उतरल्यासारखं सगळं सैन्य चकाकत होतं. साडेतीन वाजले होते. मोजणीदारांनी न्हाणीघरात टब मांडला, स्पिरिट ओतलं, अख्खं सैन्य हत्तींसकट त्यात ठेवलं आणि घड्याळाकडे पाहिलं. दोन म्हणजे दोन.

सव्वा मिनिट झालं आणि फोन वाजला. वहिनी होत्या.

"भाऊजी, निघायचं म्हणून चपला घातल्या आणि पाऊलच उचलेना हो. त्यांच्या चपला शेजारीच आहेत अजून. काय करायचं त्यांचं?"

आता या प्रश्नावर कुणी म्हणेल का, की वहिनी, एक मिनिट, टबात सैन्य आहे? मोजणीदारांना ते म्हणता आलं नाही. वहिनी रडल्या. मग मोजणीदार रडले. मग वहिनींनीच त्यांची समजूत काढली. फोन ठेवला तेव्हा अठरा मिनिटं झाली होती.

टबातलं स्पिरिट मातकट गुलाबी झालं होतं. मोजणीदारांनी वरचा सैनिक कापसानं टिपला, तर त्याचे दोन्ही डोळे कापसावर आले. खाली नुसतं राखाडी प्लास्टिक होतं. दुसरा काढला, तिसरा काढला. सुजलेल्या गालाचा कोणता ते आता ओळखूही येत नव्हतं. मोजणीदार न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर तसेच बसले. डॉक्टर सहा आठवड्यांपूर्वी गेले होते, पण आज आपण त्यांना हातानं पुसून टाकलं, असं त्यांना वाटलं.

"सरळ खरं सांगा," बायको दारातून हळूच म्हणाली. "वहिनी काही खाणार नाहीत तुम्हाला."

पाच वाजता वहिनी आल्या. मोजणीदारांनी जेवणाच्या टेबलावर वाकड्या भाल्यांचे एकशे चाळीस राखाडी सैनिक आणि सहा राखाडी हत्ती ओळीनं मांडले होते.

"वहिनी, हे मी केलं. दमट हवेत वॉर्निश मारलं. पांढरं झालं, ते घालवायला गेलो. मला शिक्षा करा."

वहिनींनी एक सैनिक उचलला, निरखला, आणि तोंडावर पदर धरला. खांदे हलायला लागले. मोजणीदारांची बायको पाणी आणायला वळली, पण वहिनी हसत होत्या. सहा आठवड्यांत प्रथमच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"तुम्हीसुद्धा?" त्या म्हणाल्या.

"सुद्धा म्हणजे?"

"तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तुमचं सैन्य आमच्याकडे होतं ना? तुम्हाला गंमत म्हणून ह्यांनी त्यावर वॉर्निश मारलं. अशाच हवेत. सगळे रोमन दह्यात बुडवल्यासारखे! मग तेल, मग ते स्पिरिट. सगळा रंग गेला. महिनाभर दवाखाना अर्धा वेळ बंद ठेवून ह्यांनी एकेक परत रंगवला. लोकांचे दात ठणकत होते आणि हे झग्यांच्या घड्या काढत बसलेले. मला शपथ घातली होती, मोजणीदाराला कळता कामा नये म्हणून."

मोजणीदार भिंतीजवळच्या कपाटाशी गेले आणि लाल झग्यांच्या सैन्याकडे पाहत राहिले. अकरा वर्षं, दर रविवारी, ते या माणसाला त्याच्याच हातचं काम दाखवून शिकवत होते की हात लागतो, हात.

"वहिनी," ते शेवटी म्हणाले, "डॉक्टरांची खोकी इथेच आहेत. त्यांत हे रोमन घेऊन जा. हे तुमचेच आहेत."

"अहो, पण तुमचा जीव आहे त्यांच्यात."

"म्हणूनच न्या. फक्त एक ठेवतो."

वहिनी गेल्यावर मोजणीदार टेबलाशी बसले. राखाडी सैन्यासमोर त्यांनी एकटा लाल झग्याचा रोमन उभा केला. रंगांच्या बाटल्या उघडल्या, ब्रश ओला केला आणि पहिल्या कार्थेजी चेहऱ्यावर एक भुवई काढली. ती कानापर्यंत गेली.

"डॉक्टर," ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणाले, "हात लागतो रे, हात."

'खरंय' असं कुणीच म्हणालं नाही. बायकोनं मागून येऊन त्यांच्या खांद्यावर टॉवेल ठेवला. मोजणीदारांनी त्यात तोंड खुपसलं. टॉवेल अजून ओलाच होता.