पोट कोण मोजणार?

नाहूर स्टेशनजवळच्या डॉक्टर जेफ्रींच्या दवाखान्यात वनमालाबाई शिरल्या, तेव्हा डॉक्टर तोंड पाडून बसले होते. एरवी वनमालाबाईंच्या हातातली कोळंबीच्या लोणच्याची बरणी बघूनच हा माणूस खुलायचा.

"मावशी, कंपनी दवाखाना बंद करतेय. मला अंधेरीच्या मोठ्या हॉस्पिटलात टाकणार."

गुंतवणूकदारांच्या एका कंपनीने उपनगरातले दवाखाने घाऊक विकत घेतले, त्यात हाही गेला होता. लाकडी बाक जाऊन एसी आला आणि दारात टोकन देणारी श्रुतिका बसली. वनमालाबाईंना मात्र अजून डॉक्टरांच्या वडिलांचं, बाटलीला कागदाची पट्टी चिकटवलेलं लाल औषध आठवे.

"पण तुमचं चुकलं काय?"

"माझे पेशंट परत येत नाहीत म्हणे."

"अहो, बरे होतात म्हणून!"

"तेच त्यांना पटत नाही. उद्या साहेब येतोय बघायला."

वनमालाबाई तडक बिल्डिंगीत परतल्या आणि जिन्यातच सभा भरवली. "उद्या सगळ्यांनी आजारी पडायचं!"

"काय होतंय म्हणून सांगू?" शेजारच्या मालनने विचारलं.

"पोटात दुखतंय म्हण. तापाला थर्मामीटर असतो गं, पोट कोण मोजणार?"

दुसऱ्या दिवशी कंपनीचा साहेब, श्यामकांत, आला. डॉक्टरांनी त्याला आत बसवून चहा, चपाती आणि लोणचं दिलं. गडी बोटं चाटत राहिला. बाहेर अख्खी बिल्डिंग पोट धरून बसली होती. गुणाजी तर इतका सुरेख कण्हत होता, की खऱ्या पेशंटांनी त्याला उठून जागा दिली.

"क्या बात है! गर्दी आहे की!" श्यामकांत खूश झाला.

तेवढ्यात श्रुतिका ओरडली, "सर, कॉम्प्युटर लाल झालाय! एकच बिल्डिंग, एकच तक्रार. साथ दाखवतोय!"

"पाणी खराब असणार," श्यामकांत म्हणाला. "महापालिकेला कळवा, टाकी बंद करू दे त्यांची."

कण्हणं एकदम थांबलं.

"वाट लागली!" मालन कुजबुजली. "उद्या माझ्याकडे साखरपुडा आहे. वनमाला, काहीतरी कर गं!"

खरं बोलावं तर डॉक्टर जाणार, गप्प बसावं तर पाणी. वनमालाबाईंनी डोळे मिटले आणि जन्मभराची कीर्ती पणाला लावली.

"पाणी नाही हो साहेब. माझं कोळंबीचं लोणचं. काल मीच घरोघरी वाटलं."

श्यामकांतने वळून टेबलावरच्या बरणीकडे पाहिलं. पुढच्या क्षणी तो पोट धरून तपासणीच्या टेबलावर आडवा होता. "डॉक्टर, वाचेन ना मी?"

डॉक्टरांनी सकाळीच तेच लोणचं हाणलं होतं. पण त्यांनी शांतपणे त्याचं पोट दाबलं, गाव विचारलं, आईची चौकशी केली, लिंबाचं सरबत पाजलं. एका पेशंटची ठरलेली वेळ संपल्याची घंटा श्रुतिकाकडे वाजून वाजून दमली. श्यामकांत उठला तो हसतच.

"लहानपणानंतर आज पहिल्यांदा कुणी हात लावून तपासलं, डॉक्टर."

त्याच्या शब्दावर दवाखाना वाचला. नाहूरभर बदनामी झाली ती लोणच्याची. बाजारातली कोळीणसुद्धा कोळंबी देताना म्हणू लागली, "बाई, जपून हां!"

पुढच्या आठवड्यात वनमालाबाई दवाखान्यात आल्या, तर टोकन हातात धरून श्यामकांत बसलेला.

"अरे देवा! पुन्हा पोट?"

"नाही आजी, पोट झकास आहे." तो ओशाळून हळूच म्हणाला, "त्या बरणीतलं थोडं उरलंय का? दुखलं तरी चालेल. डॉक्टर आहेतच ना."

आतून डॉक्टर जेफ्रींचा आवाज आला, "श्रुतिका, कळव गं कंपनीला! पेशंट परत आला!"